ग्लासावरचं हट्टी फूल

माझ्या भाचीला मूग उगवताना बघायचे होते. उगवलेले मूग काय, आमच्याकडे दर आठवड्याला उसळीत असतात. तिला ते उगवताना बघायचे होते. शाळेत बाईंनी युक्ती सांगितली होती. काचेच्या ग्लासाला आतून टिपकागद लावायचा, तो ओला करायचा आणि कागद आणि काच यांच्या फटीत भिजवलेले मूग खोचायचे. मग रोज बाहेरून बघत बसायचं. मूळ कुठून फुटतं, खाली कसं वळतं, साल कधी सुटते, सगळं दिसतं.

आता आमच्या घरी काचेचे ग्लास म्हणजे शोकेसमधले. माझ्या आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, वास्तुशांतीत कुणीतरी दिलेला सहाचा सेट. त्यातले आज चार उरलेत. प्रत्येक ग्लासावर टपोरं नारिंगी फूल, दोन हिरवी पानं आणि काठाला सोनेरी रेघ. पाहुणे आले की त्यातून सरबत द्यायचं, एरवी त्यांना हात लावायचा नाही, असा नियम. पण नातीने मागितल्यावर नियम कसले नि काय! आजीने एक ग्लास काढून दिला.

मूग भिजले, टिपकागद कापून झाला. भाचीने ग्लास डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली, "मावशी, हे फूल मधे येतंय. काढून टाकूया ना."

"काढ की," मी म्हटलं. मला गंमत बघायची होती.

तिने आधी नख लावलं. नखाच्या टोकाचा भुगा झाला, फूल होतं तसंच. मग भांड्यांचा साबण आणि स्पंज. फूल आणखीच चकाकायला लागलं! मग ती तारेच्या घासणीकडे वळली तेव्हा आजी आतून ओरडली, "तार नको गं बाई, ओरखडे पडतील!" म्हणून मग नारळाची शेंडी आणि राख. (राख कुठून आणली? उदबत्तीची. प्रयत्नांत कसूर नव्हती.) दहा मिनिटांनी हात दुखायला लागले आणि ती मट्कन खाली बसली.

"हे फूल कशाने चिकटवलंय?"

प्रश्न अगदी झकास होता. फक्त त्यातला एक शब्द चुकीचा होता. तो कोणता, ते शोधायला आम्हाला अख्खी दुपार लागली.

मी ओट्यावर आणखी दोन काचा आणून ठेवल्या. एक जॅमची रिकामी बाटली, कंपनीचा कागद लावलेली. दुसरी भाचीनेच गेल्या सुट्टीत रंगवलेली बाटली. काचेवर रंगवायचे म्हणून दुकानात छोट्या डब्यांमधे रंग मिळतात ना, त्यांनी तिने त्यावर एक निळा मासा काढला होता.

पहिली जॅमची बाटली. ती गरम पाण्यात बुडवून ठेवली. जरा वेळाने कागद आपोआप सैल होऊन पाण्यात तरंगायला लागला. मागे चिकट डाग उरला. त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि पाच मिनिटांनी चोळलं, तर डागाच्या बारीक बारीक वळ्या होऊन निघून आल्या. इथे चिकटवलेलं होतं, यात शंकाच नाही. काच वेगळी, कागद वेगळा आणि दोघांच्या मधे चिकटा. चिकटा तेलात मऊ झाला आणि दोघांची सोबत सुटली.

मग निळा मासा. त्याला गरम पाण्याने काही झालं नाही, तेलाने काही झालं नाही. मग मी नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर आणलं. आधी खिडकी उघडली, गॅस बंद आहे ना ते बघितलं, कारण त्यातलं अ‍ॅसिटोन भस्कन पेटतं आणि त्याचा वास डोक्यात जातो. तुम्ही करणार असाल तर घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. कापूस भिजवून माशावर फिरवला, तर शेपटी गेली, मग पोट गेलं, मग डोळा. कापूस निळा निळा झाला. मासा गेला याचं तिला जरा वाईट वाटलं, पण विज्ञानासाठी तिने तो देऊन टाकला.

इथे काय झालं? त्या डबीतला रंग म्हणजे एक प्रकारचं पातळ प्लॅस्टिक. वाळला की काचेवर त्याची साय धरते. काच इतकी गुळगुळीत असते की सायीला धरून बसायला खाचखळगे मिळत नाहीत. ती नुसती वर पसरून बसलेली असते. अ‍ॅसिटोनमधे ती विरघळली, कापसाने टिपून घेतली, झालं.

आता तोच प्रयोग आजीच्या फुलावर. नवा कापूस घेतला, भिजवला, घासला. उलटून बघितला तर पांढराशुभ्र. नारिंगीचा एक ठिपकाही नाही.

"म्हणजे हा रंगच नाही?" भाची म्हणाली.

शाब्बास! इथे आम्ही भिंग आणलं.

भिंगातून फुलाकडे बघितलं तर दोन गोष्टी दिसल्या. हिरवं पान त्याच्या बाहेरच्या काळ्या रेघेत नीट बसलेलं नव्हतं. एका बाजूने जरासं बाहेर आलं होतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच फट राहिली होती. लहान मुलं चित्र रंगवताना रेघेबाहेर जातात, तसंच. याचा अर्थ काळी रेघ वेगळी छापली, हिरवं पान वेगळं, नारिंगी पाकळ्या वेगळ्या. लग्नपत्रिका छापतात त्या स्क्रीन प्रिंटिंगने. ताणून बसवलेली बारीक जाळी असते, चित्राचा भाग सोडून बाकीची भोकं बुजवलेली असतात आणि वरून रबरी पट्टीने रंग दाबला की तो मोकळ्या भोकांतून खाली उतरतो. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. एखादी जाळी केसभर सरकली की पान रेघेबाहेर जातं.

दुसरी गोष्ट. ग्लास तिरका धरला की उजेडात काच चमकते, तसंच फूलही चमकत होतं. अगदी काचेसारखंच.

काचेसारखं कशाला? ते फूल काचच आहे!

होय. त्या फुलाला आपण रंग म्हणतो, पण ती रंगीत काच आहे. काचेवर काच वितळवून बसवलेली. "चिकटवलंय" हा शब्द चुकीचा होता तो यासाठी. मधे चिकटा नाही, डिंक नाही, काहीच नाही. संक्रांतीचा हलवा आठवा. कोमट परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर थोडा थोडा पाक शिंपडत बोटांनी हलवत राहायचं, म्हणजे साखरेवर साखर बसत जाते आणि काटा येतो. आता तयार हलव्यातून पहिल्या दिवशीची साखर आणि तिसऱ्या दिवशीची साखर वेगळी करून दाखवा बरं! नाही जमायचं, कारण दोन्ही साखरच आहेत आणि एकमेकींत मिसळून गेल्यात. ग्लास आणि फूल यांचं तसंच झालंय.

पण थांबा. काचेवर काच वितळवायची तर खालचा ग्लास नाही का वितळणार? त्याचा लगदा होऊन फूल त्यात बुडून नाही का जाणार?

खरी करामत इथेच आहे. काच मुळात वाळूपासून होते. निव्वळ पांढरी वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. म्हणून तिच्यात सोडा घालतात. सोड्यामुळे ती कमी तापमानाला वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळेल, म्हणून चुनाही घालतात. वाळू, सोडा, चुना, हे आपल्या नेहमीच्या ग्लासाचे आईबाप. फुलासाठी मात्र आणखी लवकर वितळणारी काच लागते. तिच्यात वाळू कमी आणि वितळायला मदत करणारे पदार्थ जास्त. पूर्वी यासाठी सर्रास शिसं वापरायचे. आता बऱ्याच ठिकाणी बिस्मथ, जस्त आणि बोरॉन वापरतात. बोरॉन म्हणजे आपण कॅरमवर टाकतो त्या बोरिक पावडरीतलं.

ही लवकर वितळणारी काच भट्टीत तयार करतात आणि लालभडक असतानाच गार पाण्यात ओततात. चर्रर्र! तिचे बारीक बारीक तुकडे होतात. त्यांना फ्रिट म्हणतात. ते दळून मैद्यासारखं पीठ करायचं, त्यात रंग मिसळायचा, तेलकट पदार्थात कालवायचं आणि जाळीतून ग्लासावर छापायचं. या क्षणी फूल अगदी लेचंपेचं असतं. बोट लागलं तरी पुसलं जाईल. मग ग्लासांची रांग एका लांबलचक बोगद्यासारख्या भट्टीतून सरकत जाते. आत साधारण ६०० अंश सेल्सिअस. आपण घरी केक भाजतो त्याच्या तिप्पट. तिथे तेलकट भाग जळून जातो, काचेचं पीठ वितळून सपाट होतं आणि खालच्या ग्लासाला मिठी मारतं. ग्लास स्वतः तेवढ्या वेळात आकार सोडत नाही. आणखी शंभर-सव्वाशे अंश वाढले असते तर मात्र त्यानेही मान टाकली असती. या दोन तापमानांमधल्या चिंचोळ्या गल्लीतून सगळा उद्योग चालतो.

आणि ६०० अंशांत टिकतील असे रंग तरी किती? हळद घाला, करपेल. कुंकू, बीट, जास्वंद, सगळ्यांचा कोळसा. झाडापानांचे रंग इथे कामाचे नाहीत. इथे धातूंची संयुगंच हवीत. निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला क्रोमियम, पांढऱ्याला टायटॅनियम, तपकिरीला लोखंड. आणि पिवळा, नारिंगी, लाल असे झणझणीत रंग हवे असतील तर बहुतेक वेळा कॅडमियम. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक भानगड असते, ती मला सगळ्यांत आवडते. गरम झाल्यावर काच फुगते, गार होताना आकसते. फुलाची काच आणि ग्लासाची काच सारख्याच प्रमाणात आकसल्या पाहिजेत. एक जास्त आकसली, एक कमी, तर गार होता होता फुलाला तडे जातात किंवा ग्लासच फुटतो. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पुरणपोळीसारखंच की! पुरण आणि कणीक सारखीच सैल हवी, नाहीतर लाटताना फुटतेच." मी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात यापेक्षा चांगलं वाक्य वाचलेलं नाही.

एकदा हे गुपित कळलं की अशी काचेवरची काच जिथे तिथे दिसायला लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रावर पांढऱ्या रेघा आणि आकडे असतात ना? तीच. आम्ल ओतलं, तापवलं, दरवर्षी मुलांनी धुतलं, तरी आकडे जागेवर. मोटारीच्या पुढच्या काचेला कडेने काळी पट्टी असते आणि आतल्या बाजूला तिचे काळे ठिपके लहान लहान होत जातात. तीही भाजलेली काळी काच. काच गाडीला जोडणारा चिकटा त्या पट्टीखाली लपलेला असतो आणि पट्टी त्याला उन्हापासून वाचवते. रिकामी परत द्यायची शीतपेयाची काचेची बाटली मिळाली तर तिच्याकडे नीट बघा. छापलेलं नाव ठळक असतं, पण खांद्यावर आणि तळाजवळ घासल्याच्या पांढरट कड्या दिसतात. कारखान्यात बाटल्या एकमेकींना घासत पुढे सरकतात, त्याच्या त्या खुणा. दर खेपेला ती बाटली कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुतली जाते. काच झिजते, पण नाव तग धरून असतं.

आणि टिकून टिकून किती टिकावं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक पेला आहे. चौदाव्या शतकात सीरियाकडे बनलेला. त्यावर निळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या काचेची नक्षी आहे आणि सोन्याचं काम आहे. तो पुढे इंग्लंडमधे एडनहॉल नावाच्या गावी एका घराण्याकडे गेला. तो फुटला तर घराण्याचं भाग्य फुटेल, अशी त्या लोकांची समजूत होती, म्हणून तो चामड्याच्या खास डब्यात जपून ठेवायचे. नावही 'एडनहॉलचं भाग्य'. सातशे वर्षं व्हायला आली, रंग अजून ताजे आहेत. आमची भाची त्याच्यावर नारळाची शेंडी घेऊन बसली असती तरी त्या रंगांना काही झालं नसतं. (संग्रहालयवाल्यांना झालं असतं.)

"म्हणजे निघतच नाही?" ती हिरमुसली.

निघतं. पण फूल काढायचं म्हणजे आता काच काढायची, हे लक्षात घ्या. काच काढायचे दोन रस्ते. एक घासून, दुसरा खाऊन.

घासायचं तर काचेपेक्षा कडक काहीतरी हवं. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कडकपणाची एक शिडी तयार केली. सगळ्यांत खाली शंखजिरं, पायरी १. सगळ्यांत वर हिरा, पायरी १०. आपलं नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास. अडीचने साडेपाचवर ओरखडा उठत नाही, म्हणून नखाचा भुगा झाला. वाळूतला गारगोटीचा कण सातच्या पायरीवर. तो फुलाला खरवडू शकतो. पण तो ग्लासालाही तितकाच खरवडतो! फूलही काच, ग्लासही काच, घासणाऱ्याला कसं कळणार कुठे थांबायचं?

इथे मला कबुली द्यायची आहे. सहापैकी चार ग्लास उरलेत म्हणाले ना? एक पाहुण्यांच्या बाळाने पाडला. दुसरा माझ्या नावावर आहे. मी सातवीत असताना मला साधा, बिनफुलाचा ग्लास हवा होता, चित्रकलेच्या पाण्यासाठी. शोकेसमधला घेतला, गच्चीवर गेले आणि दाढीच्या ब्लेडने फूल खरवडत बसले. तासाभराने अर्धी पाकळी गेली, नारिंगी भुकटी फ्रॉकभर झाली, काचेवर ओरखड्यांचं जाळं उठलं आणि ब्लेड सटकून अंगठा कापला. त्या दिवशी मी आईची बोलणी खाल्ली ती ग्लासासाठी आणि अंगठ्यासाठी. खरी बोलणी त्या भुकटीसाठी खायला हवी होती, पण तेव्हा ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

कारण तिच्यात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. दोन्ही विषारी. फूल काचेत घट्ट बसलेलं असतं तोवर ते धातूही काचेत कैद असतात. खरवडून त्यांची पूड केली की ती हवेत उडते, नाकात जाते, बोटांना लागून पोटात जाते. म्हणून जुन्या ग्लासावरचं, कपावरचं चित्र कधीही ब्लेडने, सुरीने, पॉलिशच्या कागदाने खरवडायचं नाही. यात गंमत नाही, अगदी खरं सांगतेय.

आता दुसरा रस्ता, खाऊन. फुलाची काच लवकर वितळावी म्हणून तिच्यात वाळू कमी ठेवली, आठवतं? तिचा दुबळेपणाही तिथेच. काचेचा खरा सांगाडा म्हणजे वाळू. सांगाडा विरळ, म्हणून आम्ल आत शिरतं आणि एकेक धातूचा कण बाहेर ओढतं. ग्लासाचा सांगाडा दाट, त्याच्यापुढे तेच आम्ल हात टेकतं. म्हणजे घासणाऱ्याला जो फरक कळत नाही, तो आम्लाला कळतो. संडास धुवायच्या द्रावणात मिठाचं आम्ल असतं, त्यात ठेवलेल्या ग्लासावरचं चित्र हळूहळू पांढुरकं होऊन सुटू शकतं, ते यामुळे. हे तुम्ही करून बघायचं नाही. आम्लाने कातडी आणि डोळे भाजतात, त्यात चुकून ब्लीचिंगचं द्रावण मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो आणि सुटलेलं शिसं त्या पाण्यात उतरतं ते वेगळंच. एवढं करून मिळणार काय? एक साधा ग्लास! तो बाजारात मिळतो की.

नेहमीच्या काचेलाही खाणारं एक आम्ल आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल. १७७१ साली स्वीडनमधे कार्ल विल्हेल्म शेले नावाचा औषधं बनवणारा रसायनतज्ज्ञ एका खनिजावर प्रयोग करत होता. बघतो तर त्याचं काचेचं भांडंच आतून खाल्लं जात होतं! मग प्रश्न आला, हे ठेवायचं कशात? काचेच्या बाटलीत ठेवलं तर बाटलीच फस्त. म्हणून पूर्वी शिशाच्या किंवा मेण लावलेल्या भांड्यात ठेवायचे, आता प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. कारखान्यांत काचेवर धुरकट नक्षी कोरायला हे वापरतात. ते कातडीतून आत जातं आणि हाडांतल्या कॅल्शियमपर्यंत पोचतं. दुखायला कधी कधी काही तासांनी लागतं. मला हे आम्ल फक्त पुस्तकात आवडतं.

आम्ल फुलातून धातू ओढतं म्हटल्यावर भाचीने लगेच विचारलं, "मग लिंबू सरबत?"

पोरगी हुशार आहे. हाच प्रश्न प्रयोगशाळांनाही पडतो. त्यासाठी एक ठरलेली परीक्षा आहे. ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे साधारण आपल्या घरच्या व्हिनेगरइतकं आंबट पाणी घ्यायचं. ग्लास उलटा करून त्याचा काठाकडचा २० मिलिमीटर भाग त्यात बुडवायचा. २४ तास तसाच ठेवायचा आणि मग पाण्यात किती शिसं आणि किती कॅडमियम उतरलं ते मोजायचं. काठाकडचाच भाग का? कारण आपले ओठ तिथे लागतात. फूल बाहेरून असतं, सरबत आत असतं, त्यामुळे खालच्या बाजूचं चित्र सरबताला भेटतच नाही. पण काठाजवळचं चित्र ओठांना भेटतं.

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही. २०१० साली अमेरिकेत एका मोठ्या बर्गर कंपनीने कार्टून सिनेमाची चित्रं छापलेले सुमारे १ कोटी २० लाख ग्लास परत मागवले. चित्राच्या रंगात कॅडमियम सापडलं होतं आणि ते मुलांच्या हातांना लागेल अशी भीती होती. एवढे ग्लास!

आजी हे सगळं ऐकत भाजी निवडत बसली होती. तिने एकच विचारलं, "आणि सोनेरी रेघ? ती पण काचच का?"

नाही, ते सोनंच! खरं सोनं, पण इतकं पातळ की विचारू नका. केसाच्या जाडीत असे शेकडो थर मावतील. जर्मनीत माइसेनला १८३० च्या सुमारास सोन्याचं एक पातळ द्रावण तयार झालं. ते ब्रशने लावायचं, भाजायचं, बाकी सगळं जळून जातं आणि सोन्याची चकचकीत साय उरते. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांवरची सोनेरी नक्षीही अशाच द्रावणाची. सोनं मऊ असतं, मोसच्या शिडीवर आपल्या नखाच्या आसपास. म्हणजे...

भाचीच्या लक्षात आलं. तिने धावत जाऊन कंपासपेटी आणली.

आजीने ग्लास दिला नाही, कान तुटलेला एक कप दिला. त्याच्या काठालाही तशीच रेघ होती. खोडरबर तिच्याकडे अर्धा लाल अर्धा निळा असा होता. लाल बाजूने काही होईना. निळ्या बाजूत शाईसाठी म्हणून बारीक खरखरीत पूड घातलेली असते, त्या बाजूने तिने जोर लावला. आधी रेघ फिकी पडली. मग तिच्यात पांढऱ्या फटी दिसायला लागल्या. मग खोडरबराच्या वळ्या काळपट झाल्या आणि दोन मिनिटांत बोटभर लांबीचं सोनं नाहीसं झालं. कप तिथे गुळगुळीत, पांढरा, एकही ओरखडा नाही. दुपारभरातला पहिला विजय! तिने उरलेली रेघही खोडली. कपाची शोभा गेली, पण तिला त्याचं काही नव्हतं.

आता राहिलं नारिंगी फूल आणि वाट बघणारे मूग. ते वाटीत बसून बसून फुगले होते.

आजी उठली. तिने भाजीचे हात धुतले, टिपकागद गुंडाळून ग्लासात बसवला, वरून पाणी शिंपडलं आणि एकेक मूग कागदाआड सरकवले. फुलाच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला. मग ग्लास अर्धा फिरवून खिडकीत ठेवला.

"फूल पुढूनच आहे," ती म्हणाली. "मागून मोकळाच आहे की ग्लास."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मुगांना पांढरं टोक फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना. एक मूग उलटा बसला होता, त्याचं मूळ आधी वर गेलं आणि मग छत्रीच्या मुठीसारखं वळून खाली आलं. भाचीने त्याचं चित्र वहीत काढलंय. पट्टी हातात होतीच, म्हणून तिने ग्लासही मोजला. आमच्याकडचं फूल काठापासून ३४ मिलिमीटर खाली सुरू होतं. तुमच्या घरच्या चित्राच्या ग्लासावर हे अंतर किती आहे, ते आजच मोजा आणि २० पेक्षा कमी भरलं तर त्या ग्लासात पेन-पेन्सिली ठेवा.